श्रद्धा नेमकी कशावर उभी असते?

तुमचा प्रश्न असा : धार्मिक श्रद्धेला पुरावा लागत नाही, मग तिला आधार कशाचा? भीतीचाच ना?

मी बेळगावजवळच्या खानापूरकडचा. शब्दाची फोड करायची तर श्रत् म्हणजे काळीज आणि धा म्हणजे ठेवणे. ‘देव आहे’ हे विधान मान्य करणं, असा काही तिचा मूळ अर्थ नाही. व्युत्पत्ती एवढी पुरे, आता आज्जीचं सांगतो.

आज्जी तरणेपणीच विधवा झाली. आजोबा आजारी असताना तिनं यल्लम्मा देवीला नवस बोलला होता, तो फळला नाही. तरी दर मार्गशीर्ष पौर्णिमेला ती सौंदत्तीच्या डोंगराला जायची. नवरा जमदग्नी मारले गेले म्हणून त्या दिवशी रेणुकेच्या, म्हणजे यल्लम्माच्या, बांगड्या फोडतात. आपल्याकडं तिला रांडाव पुनव म्हणतात, कानडी लोक होस्तिल हुण्णिमे. माघी पौर्णिमेला देवी पुन्हा अहेव होते. (आमच्या भागात दुकानाची पाटी कुठल्या भाषेत यावरून भांडणं होतात. डोंगरावर ‘उदो’ दोघांचा एकच.)

कॉलेजात असताना मी आज्जीला डिवचलं, ‘नवस फळला नाही, मग जातीस कशाला? देव आहे कशावरून?’ ती म्हणाली, ‘हाय का न्हाई ते मला कसं कळणार रं? खरं तिचीबी बांगडी फुटतीया की.’

यावर मला आजही उत्तर सुचलेलं नाही. हळदीकुंकवाला जिला कुणी बोलवत नव्हतं, तिच्यासारखीच एक देवी होती आणि त्या देवीला हजारो माणसं हात जोडत होती. आज्जीचा आधार तो होता. भीती असती तर नवस फुकट गेल्यावर ती चिडली असती, नाहीतर दुसरा देव शोधला असता.

भीतीही त्याच डोंगरावर होती, हे लपवणार नाही. पोरीच्या केसांत जट आली की ‘आईनं बोलावलंय’ म्हणून पोर देवदासी करून देवीला सोडायची. मुंबई इलाक्यानं १९३४ मध्ये याविरुद्ध कायदा केला. तेवढ्यानं भागलं नाही, म्हणून कर्नाटकानं १९८२ मध्ये पुन्हा केला. जट म्हणजे न विंचरलेल्या केसांचा गुंता, कात्रीनं निघतो. ते आईबापही आपल्या करणीला श्रद्धाच म्हणायचे आणि भंडारा तोच लावायचे, त्यामुळं वरवर पाहून फरक कळत नाही. मी एवढंच बघतो की किंमत कोण मोजतंय. आज्जी स्वतः चालत होती, स्वतः उपाशी राहत होती. त्या पोरींना कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

मी मानतो का? देव आहे यावर मी पैज लावणार नाही. खरं आज्जीची देवीची परडी माळ्यावर टाकायचा विषय निघाला की पहिला ‘नको’ म्हणणारा मीच असतो.