बोअरचं पाणी पिवळं का, हे शोधायचं शिक्षण

नमस्कार भाऊ,

तुमचं चार पानी पत्र दोनदा वाचलं. मुलगी जळगावला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय भूशास्त्र आणि रसायनशास्त्र. गावाजवळच्या बंद कारखान्याशेजारी एका बोअरला पिवळसर पाणी लागलं, तेव्हापासून तिनं 'याचंच शिकायचं' असा हट्ट धरलाय. तुम्ही विचारता, दगडमातीच्या शिक्षणावर पोट भरेल का? की दोन लाख भरून एक वर्षाचा पर्यावरणाचा डिप्लोमा करू द्यावा?

डिप्लोमा नको. ते दोन लाख एम.एस्सी.साठी ठेवा.

कारण सांगतो. दूषित जागेखाली काय चाललंय हे प्रयोगशाळेच्या एका कागदावर कळत नाही. आधी थर वाचावे लागतात. तुमच्या यावल-रावेरकडे तापीचा गाळ आहे: वाळू, गोटे, मध्येच चिकणमातीचा पट्टा, पुन्हा वाळू. चिकणमाती वरची घाण अडवून धरते, पण तो पट्टा जिथं संपतो तिथून घाण खाली उतरते. धुळे-नंदुरबारकडे गेलात की काळा पाषाण, त्यात भेगा, आणि उभ्या भिंतींसारखे डाइक. एखादी भिंत पाणी अडवते, तर एखादीच्या कडेच्या भेगांतून ते लांबवर जातं. एकाच खान्देशात ही दोन्ही शास्त्रं शिकायला मिळतात, हे तुमच्या मुलीचं नशीब समजा.

मग तपास कसा करतात? निरीक्षणाची बोअर घेतात, निदान तीन. तिन्हींतली पाण्याची पातळी समुद्रसपाटीशी जुळवली की भूजलाचा उतार कुठल्या दिशेला आहे ते कळतं. हा उतार जमिनीच्या उतारासारखाच असेल असं नाही. शिवाय वरच्या आणि खालच्या थरासाठी वेगळी बोअर लागतात. दोन थरांच्या मधला भाग बेंटोनाइट (पाण्यानं फुगणारी चिकणमाती) भरून नीट बंद केला नाही, तर तपासाची बोअरच वरची घाण खाली नेते. पेट्रोल पाण्यावर तरंगतं, पण धातू धुवायचे काही सॉल्व्हंट (विद्रावक रसायनं) पाण्यापेक्षा जड असतात, ते तळाशी जाऊन बसतात. कुठल्या खोलीवरचं पाणी घ्यायचं, हे त्यावरच ठरतं.

नमुना घेण्यातही गंमत आहे. मी शिकत असताना एकदा बोअर न उपसताच बाटली भरून आणली. सरांनी ती माझ्यासमोर मोरीत ओतली, कारण पाइपात साचून राहिलेलं पाणी म्हणजे थरातलं पाणी नव्हे. चार इंची पाइपात बारा मीटर पाणी उभं असेल तर ते सुमारे ९७ लिटर होतं. त्याच्या तिप्पट, म्हणजे २९० लिटरच्या आसपास, आधी उपसून टाकायचं. पाण्याच्या विद्युत वाहकतेचा आकडा स्थिर झाला की मगच बाटली लावायची. तोवर भर उन्हात बादल्या मोजत बसायचं. ज्याला हे कंटाळवाणं वाटतं त्यानं या वाटेला येऊ नये. तुमच्या मुलीला वाटणार नाही, असं पत्रावरून वाटतं.

आता वाट. पदवीनंतर एम.एस्सी. भूशास्त्र. त्यासाठी 'जॅम' या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेचा भूशास्त्राचा पेपर द्यावा, त्यातून आय.आय.टी. मुंबईसारख्या ठिकाणी जाता येतं. पुणे विद्यापीठाचा भूशास्त्र विभागही उत्तम. पुढे यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा. तिच्यातून केंद्रीय भूजल मंडळात वैज्ञानिक 'ब' हे पद मिळतं, मूळ वेतन ५६,१०० रुपये. राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. खासगी सल्लागार कंपन्यांतला सुरुवातीचा पगार मात्र पाहुण्यारावळ्यांत सांगण्यासारखा नसतो, हे आधीच बोलून ठेवतो. पण केंद्रानं २०२५ मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढलेत, त्यामुळे हे काम वाढेल असा माझा अंदाज आहे.

'पोरीची जात, रानोमाळ कशी फिरणार?' असंही लिहिलंय तुम्ही. भाऊ, केळीच्या बागेत रात्री बाऱ्या देताना ती तुमच्याबरोबर असते, हेही त्याच पत्रात आहे.

या सुट्टीत तिला एक काम द्या. तुमच्या आणि शेजारच्या मिळून पाच विहिरींची पातळी दर रविवारी टेपनं मोजून वहीत लिहू दे. मुलाखतीत ती वही बोलेल.

आणि ते पिवळं पाणी. पिवळेपणा लोहाचाही असतो, क्रोमियमचाही. रंगावरून ठरवू नका. पाणी उकळून धातू जात नाहीत, उलट आटून जास्त तीव्र होतात. जळगावला भूजल यंत्रणेची प्रयोगशाळा आहे, तिथं नमुना कसा आणायचा ते आधी विचारून घ्या. अहवाल येईपर्यंत त्या बोअरचं पाणी माणसांनाही नको, गुरांनाही नको.