ठाण्याहून जर्मनीला कुत्रा न्यायचाय, दोन महिन्यांत जमेल का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: घोडबंदर रोडला राहता, म्युनिकला नोकरी लागली आहे, दोन महिन्यांत रुजू व्हायचंय, चार वर्षांचा लॅब (लॅब्राडोर) आहे आणि एजंट म्हणतोय, 'सगळं करून देतो, टेन्शन घेऊ नका.'

थोडं टेन्शन घ्याच. दोन महिन्यांत बहुतेक जमणार नाही. एजंट कितीही खटपट्या असला तरी यातला मुख्य वेळ पैसे टाकून कमी होत नाही.

मी वसंत विहारची. आमची ठकी उपवन तलावाजवळ सापडलेली, अस्सल गावठी. तिला घेऊन मी जर्मनीला आले, म्हणून हे घोटून पाठ झालंय. रेबीजच्या बाबतीत युरोपीय संघाने ज्या देशांना सवलत दिली आहे, त्यांत भारत नाही. त्यामुळे आपल्याकडच्या कुत्र्याला आधी कातडीखाली बसवायची, १५ अंकी ओळख नंबराची मायक्रोचिप, मग रेबीजची लस, लसीनंतर किमान ३० दिवस थांबून रक्ताचा नमुना. तो युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेतच तपासला जातो आणि प्रतिपिंडांचं (अँटिबॉडीजचं) प्रमाण मिलीलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक यावं लागतं. हे सगळं झालं की रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने नुसतं थांबायचं. म्हणजे आज चिपपासून सुरुवात केलीत तर चार महिने धरूनच चाला.

क्रम मात्र सांभाळा, कारण आम्ही तिथेच आपटलो. आमच्या दवाखान्यात त्या दिवशी चिप संपल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, लस आज देऊन टाकू, चिप पुढच्या आठवड्यात बसवू. मला वाटलं, आठवड्याने काय बिघडतंय! पण चिपच्या आधी दिलेली लस धरतच नाहीत, कारण ती नेमक्या याच कुत्र्याला दिली हे ओळखायचं कशावरून? झालं, पुन्हा लस आणि पुन्हा ३० दिवस. एकाच दिवशी दोन्ही केलं तर चालतं, फक्त आधी चिप. आणि प्रत्येक वेळी सुई टोचण्याआधी स्कॅनर फिरवून नंबर वाचायला लावा. डॉक्टरांना राग आला तर येऊ दे.

तुमच्या लॅबला चिप आधीच असेल, त्यानंतर रेबीजची लस होऊन ३० दिवस उलटले असतील आणि पुढचे डोस वेळेवर असतील, तर मात्र तुम्ही नशीबवान. रक्त उद्याच काढता येईल, मग फक्त तीन महिन्यांचा प्रश्न. पण पुढच्या डोसची तारीख या काळात येत असेल तर ती एका दिवसानेही चुकवू नका. वेळेत डोस देत राहिलात तर ही रक्ततपासणी पुन्हा करावी लागत नाही. चुकलात की सापशिडीत ९९ वरून खाली.

आता नोकरीचं काय? माझं मत विचाराल तर तुम्ही एकटे पुढे जा, त्याला आईबाबांकडे ठेवा आणि चार-पाच महिन्यांनी सुट्टी काढून न्यायला या. 'मी जातो, एजंट मागून पाठवेल' हा सोपा वाटणारा मार्ग आहे, पण त्यात एक मेख आहे. मालकाचा आणि कुत्र्याचा प्रवास एकमेकांपासून पाच दिवसांच्या आत झाला तरच तो खासगी, बिगर-व्यापारी प्रवास समजला जातो. नाहीतर व्यापारी वाहतुकीचे नियम लागतात, कागद वेगळे आणि खर्चही वाढतो. मीही अशीच आधी एकटी जाऊन तिला न्यायला परत आले होते. तोवर आईने ठकीला तूप-भात चारून अशी गुबगुबीत केली होती की विमानप्रवासाच्या पिंजऱ्याचं माप पुन्हा घ्यावं लागलं.

पिंजरा हा निष्काळजीपणे घ्यायचा प्रकार नाही. आत कुत्र्याला कान छताला न लागता उभं राहता, वळता आणि पसरून झोपता आलं पाहिजे. प्लॅस्टिकचे दोन भाग धातूच्या नटबोल्टने कसलेले हवेत, पाण्याचं भांडं दाराला आतून अडकवलेलं हवं. हा आणलात की माळ्यावर टाकू नका. आमचा हॉलमध्ये तीन महिने उघडा पडला होता, ठकीचं जेवण आतच. शेवटी शेवटी ती फटाक्यांच्या आवाजाने स्वतःहून त्यात जाऊन बसायची. लॅबचा पिंजरा टॅक्सीच्या डिकीत मावत नाही, मागच्या सीट पाडता येतील अशी मोठी गाडी सांगा.

केबिनमध्ये नेण्याचा विचार सोडा, बऱ्याच कंपन्यांची मर्यादा पिशवीसकट ८ किलोच्या आसपास असते. तो खालीच जाणार. त्या कप्प्यात हवेचा दाब आणि तापमान सांभाळलेलं असतं, सामानाच्या ढिगात टाकत नाहीत. झोपेचं औषध मात्र देऊ नका. प्रवासात रक्तदाब आणि श्वास मंदावतो, आणि गुंगीतलं जनावर कंपन्या घेतही नाहीत. निघण्याच्या चार-पाच तास आधी हलकं खाणं, पाणी चालू, आणि आत तुमचा न धुतलेला टी-शर्ट. थेट विमान किंवा कमीत कमी थांबे बघा. मे महिना टाळा.

शेवटचे दिवस धावपळीचे असतात. युरोपीय नमुन्यातलं आरोग्य प्रमाणपत्र सरकारी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याच्या सही-शिक्क्याचं लागतं आणि ते दिल्यापासून १० दिवसच चालतं, म्हणून आधीच करून ठेवता येत नाही. इथे पशु संगरोध (अ‍ॅनिमल क्वारंटाइन) खात्याच्या मुंबई कार्यालयाच्या फेऱ्या आहेत. एजंट कामाला येतो तो इथे. त्या फेऱ्यांचे पैसे द्यावेत, 'लवकर करून देतो' याचे नाही. म्युनिकला उतरल्यावर कस्टमच्या हिरव्या मार्गिकेतून निघून जाऊ नका, लाल मार्गिकेत जाऊन कुत्रा दाखवा.

तिकडे पोचल्यावर महापालिकेचा कुत्रा-कर आहे. भाड्याचं घर घेताना कुत्रा आहे हे आधीच सांगा, नंतर कळलं तर घरमालकाशी वाद होतात. आणि रेल्वेत लॅबचं लहान मुलांच्या दराने तिकीट काढावं लागतं, तोंडाला जाळीही बांधावी लागते. ठाणे स्टेशनवर सकाळी साडेआठला हे कुणाला सांगून बघा!

आज घरी गेलात की लसीचं कार्ड काढा. चिपची तारीख, रेबीजच्या शेवटच्या लसीची तारीख आणि पुढच्या डोसची तारीख, या तीन तारखा इथे लिहा. रक्त कधी काढायचं ते मोजून सांगते.