बक्कल आजींच्या हातात दे, मग विचार

अमेरिकेतल्या वायोमिंगमधल्या शेरिडनजवळून एका मुलीचं पत्र आलंय. मूळची सांगलीची, नवरा तिथलाच, घरचं रँच. ती लिहिते: "ताई, फेब्रुवारीत माझे आजेसासरे गेले. ९३ वर्षांचे होते. कोरियाच्या युद्धात होते, परत आल्यावर दहा-बारा वर्षं रोडिओत, म्हणजे काउबॉयांच्या स्पर्धांत, बिथरलेल्या घोड्यांवर बसायचे. जूनमध्ये रँचवर सगळे जमणार आहेत आणि घरच्यांनी मला पाच मिनिटं बोलायला सांगितलंय. मी नातसून, त्यातून परकी. त्यांनी माझा जीव लावून सांभाळ केला, पण त्यांच्या आयुष्यातलं मला काय माहीत? युद्धाबद्दल तर ते कधी बोललेच नाहीत."

पत्रात आणखी तीन-चार प्रश्न आहेत. त्यांच्याकडे शेवटी वळेन. आधी हे 'काय माहीत' बघू, कारण त्याच्यासाठी मी तुला थोडं रागावणार आहे.

अगं, आजेसासूबाई हयात आहेत ना? ९० वर्षांच्या, कान जरा मंद, पण स्मरण पक्कं, असं तूच लिहिलंयस. मग जूनची वाट कशाला बघतेस? आणि जाशील तेव्हा "आजोबांबद्दल काहीतरी सांगा ना" असं विचारू नकोस. या प्रश्नाला जगात कुणी उत्तर देत नाही. माणूस म्हणतो, "फार चांगले होते," आणि खिडकीबाहेर बघत बसतो. आधी एक वस्तू हातात दे. मग त्या वस्तूबद्दल विचार.

हे मला घरातच कळलं. माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत. आम्ही नातवंडं सुट्टीत साताऱ्याकडच्या गावी गेलो की गोल करून बसायचो, "आजोबा, लढाईत काय केलंत?" ते म्हणायचे, "काय नाय, चिखल होता." वर्षानुवर्षं तेवढंच. मी तेरा वर्षांची असताना आईने ट्रंक आवरताना त्यांचा पांढरा, कडा उडालेला तामचिनीचा मग बाहेर काढला आणि सहज त्यांच्या हातात दिला. आजोबा तासभर बोलले. डोंगरात तोफा पोचत नव्हत्या तिथे खेचरं कशी पोचायची, कुठलं खेचर पुलावर अडायचं, एका म्हाताऱ्या इटालियन बाईने चुलीत भाजलेले चेस्टनट याच मगात कसे ओतले. आम्ही तोंडात बोट घालून ऐकत होतो.

आणि मी त्यातला एक शब्दही लिहून ठेवला नाही. पुढे वाडा पाडला तेव्हा त्यांची पदकं पितळेच्या भांड्यांबरोबर मोडीत गेली. इटलीत लढलेल्यांना मिळालेल्या 'इटली स्टार' पदकाची फीत लाल-पांढरी-हिरवी असते हे मला पुस्तकातून कळलं, घरातून नाही. नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळवून देणारी इटलीतल्या सेनिओ नदीवरची लढाई ९ एप्रिल १९४५ ची. रेजिमेंट तीच. त्या दिवशी माझे आजोबा त्या काठावर होते की रुग्णालयात होते की आणखी कुठे, हे सांगणारं आता कुणी उरलं नाही. चेस्टनट तेवढे उरले. गावाचं नावही गेलं.

म्हणून तुला कळकळीने सांगते. तू लिहिलंयस की त्यांच्या खोलीत चार बक्कलं (रोडिओ जिंकल्यावर बक्षीस मिळतात ती, पट्ट्याची), एक खोगीर आणि "घोड्यांची नावं आणि आकडे लिहिलेली एक छोटी वही" आहे. ही वही तू एका ओळीत उरकलीस! पोरी, ते सोनं आहे. खोगीर घालून बसायच्या प्रकारात घोड्याच्या डोक्याला बांधलेली एकच जाड विणलेली दोरी एका हातात धरायची असते, खोगिराला पुढची मूठ नसते. दोरी किती लांब धरायची हे प्रत्येक घोड्याचं वेगळं. उडी मारताना मान खाली खुपसणाऱ्याला जास्त दोरी लागते, मान वर ठेवणाऱ्याला कमी. जास्त सोडली तर तोल मागे जातो, कमी सोडली तर घोडा माणसाला पुढे ओढून पाडतो. म्हणून स्वार एकमेकांना विचारायचे, मुठी आणि बोटांत मोजायचे, लक्षात ठेवायचे. ते आकडे बहुधा तेच. आणि हे सगळं आठ सेकंदांसाठी. मोकळा हात कशालाही लागला तर गुण नाहीत. पहिल्या उडीला टाचा घोड्याच्या खांद्यांच्या वर टेकलेल्या नसल्या तरी नाहीत. शंभरातले निम्मे गुण स्वाराचे, निम्मे घोड्याचे, त्यामुळे गरीब घोडा वाट्याला आला तर चांगल्या स्वारालाही दुःखच.

त्या खेळात पगार नव्हता. प्रवेश फी स्वतः भरायची, जिंकलं तर पैसे, नाही तर पुढच्या गावी. चार जुलैच्या आसपास इतके रोडिओ असतात की त्या दिवसांना ते 'काउबॉय ख्रिसमस' म्हणतात. रात्रभर गाडी हाकत एका गावाहून दुसऱ्या गावी जायचं. आता मला सांग, हात मुरगळलेला नवरा शेजारी झोपलेला असताना ती गाडी कोण चालवत असेल? वही घे, आजींच्या शेजारी बस, एका घोड्याच्या नावावर बोट ठेव आणि विचार, "याच्या दिवशी तुम्ही कुठे होतात?" बक्कल हातात दे आणि विचार, "हे आणलं त्या रात्री जेवलात काय?" फोन टेबलावर ठेवून ध्वनिमुद्रण चालू कर, त्यांना सांगून.

युद्धाचंही असंच. "कोरियात कसं होतं?" हा प्रश्न त्यांना आयुष्यभर सगळ्यांनी विचारला असेल. तू बुटांबद्दल विचार. तिथल्या थंडीत सुरुवातीच्या बुटांनी कित्येकांची बोटं गेली, पुढे मधे हवेचा थर असलेले जाड रबरी बूट आले, त्यांना सैनिक 'मिकी माउस बूट' म्हणायचे. हिवाळ्यात आजोबा पायांची फार काळजी घ्यायचे का, हे आजींना नक्की माहीत असेल.

कागदाचं एक काम मात्र लगेच कर. त्यांचा सेवामुक्तीचा कागद, डीडी-२१४, घरात शोध. १२ जुलै १९७३ ला सेंट लुईसजवळच्या लष्करी अभिलेखागाराला आग लागली आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली जळाल्या. १९१२ ते १९६० या काळात भूदलातून सुटलेल्यांच्या सुमारे ८० टक्के नोंदी त्यात गेल्या. तुझे आजेसासरे १९५३ ला सुटले म्हणतेस, म्हणजे सरकारकडची फाइल असेलच असं धरू नकोस. घरी नसला तर काउंटी क्लार्ककडे, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या नोंदणी कार्यालयात, विचार. परत आलेले बरेच सैनिक तिथे नोंद करून ठेवायचे. आणि मूळ पत्रं, फोटो दहा किंवा जास्त निघाले तर लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या मोठ्या सरकारी ग्रंथालयाच्या 'व्हेटरन्स हिस्टरी प्रोजेक्ट'शी बोल. २००० सालापासून ते सैनिकांच्या आठवणी जपतात, वारलेल्यांच्यासुद्धा.

"मी परकी" म्हणतेस त्याचंही सांगते. तुझे बाबा फोनवर म्हणाले ना, "कोरियाशी आपला काय संबंध?" त्यांना सांग, मार्च १९५१ मध्ये कोरियातल्या मुन्सानला अमेरिकन छत्रीधारी सैनिक उतरले तेव्हा त्यांच्याबरोबर आपल्या भारतीय सैन्याच्या ६० व्या पॅराशूट फील्ड अँब्युलन्स या वैद्यकीय तुकडीचे डॉक्टर आणि जवानही विमानातून उडी मारून उतरले होते, लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली. जखमी अमेरिकन पोरांना त्यांनी बांधलं, शिवलं. बाबा दुसऱ्या दिवशी स्वतःहून फोन करतील बघ.

आता बाकीचं. जेवणात मांस असेल, तर असू दे. तू वरणभाताचा डबा ने, कुणी वाईट वाटून घेणार नाही. श्राद्ध करावं का विचारतेस: मनात असेल तर कर, पण आधी नवऱ्याला सांग. नऊ वर्षांच्या मुलाला वासरांवर बसायचंय, हा निर्णय त्याच्या बापाचा आणि तुझा, माझा नाही. हेल्मेट आणि छातीचं जॅकेट घातल्याशिवाय नाही, एवढं मात्र ठाम. आणि दफनाच्या वेळी मिळालेल्या ध्वजाची त्रिकोणी घडी तशीच राहू दे, मुलांना उलगडून दाखवायचा मोह टाळ. काचेच्या पेटीत ठेवा.

भाषण इंग्रजीतच कर, तुझ्या पद्धतीने, एकाच घोड्यावर, एकाच रात्रीवर. पण त्याआधी मराठीत लिहून काढ. तुझ्या मुलांचे पणजोबा दोन्हीकडचे आहेत, आणि सांगलीच्या आजीला हे वाचता आलं पाहिजे.

आजी पुढच्या रविवारी मुलीकडे मोंटानाला राहायला जाणार असं पत्राच्या अगदी शेवटी लिहिलंयस. मग हा आठवडा तुझ्याकडे आहे. वहीची पानं आज रात्रीच फोनवर टिपून ठेव, एकेक करून, नीट दिसली नाहीत तर उद्या सकाळी खिडकीच्या उजेडात पुन्हा. आणि आजींकडे जाताना वही बरोबर ने.