रस्ता कुठे संपतो?

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र चार दिवस टेबलावर तसेच पडून होते. उत्तराला उशीर झाला तो कामामुळे नव्हे. तुझे एक वाक्य पुढे सरकू देईना. ‘रस्त्याविरुद्धच्या निवेदनावर सही केली तर आजीशी बेइमानी होते आणि नाही केली तर डोंगराशी,’ असे तू लिहिलेस. आजीला झोळीत घालून चौघांनी धडगावच्या दिशेने आणले आणि ती वाटेतच गेली, हे तू दोन ओळींत सांगून टाकलेस. त्या दोन ओळींवर मी काही बोलावे एवढा माझा अधिकार नाही. नंदुरबारच्या अक्राणी तालुक्यातल्या पाड्यांवर झोळी म्हणजे काय असते हे मी पाहिलेले आहे, आणि जंगल राखण्यासाठी पाड्यांनी झोळीच वापरत राहावे असे सुचवणाऱ्या शहरी सज्जनांशी माझे कधीच जमले नाही.

पण तू ज्या रीतीने गोंधळली आहेस, त्या रीतीने एका सिव्हिल इंजिनिअरने गोंधळू नये. रस्ता हवा की नको, असे तू विचारतेस. आराखडा तुझ्यासमोर आहे, तर आधी त्यातला शेवटचा साखळी क्रमांक, म्हणजे सुरुवातीपासूनच्या अंतराचा आकडा, पाहा आणि मला सांग, रस्ता कुठे संपतो? तुझ्या गावाशी संपतो, की गावाला खांदा लावून खिंड ओलांडतो आणि पलीकडच्या रस्त्याला जाऊन मिळतो? तुझ्या पत्राच्या पाच पानांत या एका गोष्टीचा उल्लेख नाही, आणि मला राग आला तो त्याचाच.

गावाशी संपणाऱ्या रस्त्यावरून गावाचीच माणसे जातात. संध्याकाळी मुक्कामी एसटी येते, चालक-वाहक शाळेच्या ओट्यावर झोपतात आणि पहाटेपर्यंत त्या रस्त्यावर एकही चाक फिरत नाही. रात्र जनावरांची राहते. आरपार रस्ता मात्र गावासाठी म्हणून मंजूर होतो आणि ज्यांनी गावाचे नावही ऐकलेले नाही अशा मालमोटारी रात्रभर त्यावरून धावतात. झोळीतल्या माणसाला दोन्ही रस्ते सारखेच उपयोगी पडतात. तरसाला आणि बिबट्याला सारखे पडत नाहीत.

कायद्यालाही हा फरक अगदीच अपरिचित नाही. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) मध्ये शाळा, दवाखाना, रस्ता अशा गावसुविधांसाठी, ग्रामसभेची शिफारस असेल तर, दर प्रकरणी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे मात्र तोडता येत नाहीत. हिशेब कर. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. पाच मीटर रुंदी धरली तर लांबी दोन किलोमीटर भरते. डोंगरातल्या बऱ्याच पाड्यांना एवढा फाटा पुरतो. पण याच हिशेबात चोरवाटही आहे. डोंगराच्या या अंगाने एक हेक्टरच्या आतला प्रस्ताव, त्या अंगाने दुसरा, दोन्ही ग्रामसभांची शिफारस खरीखुरी, आणि पाच वर्षांनी कोणीतरी मधली रेघ मारतो.

ती रेघ एकदा मीच मारली आहे. हे तुला आजवर सांगितले नव्हते.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी शाखा अभियंता होतो. सातपुड्याच्या एका धारेच्या दोन्ही बाजूंनी दोन फाटे आले होते, दोन्ही मीच आखलेले, आणि दोन्ही एकेका पाड्याशी संपत होते. अमोनिया प्रिंटवर, म्हणजे आराखड्याच्या छापील प्रतीवर, त्यांची टोके एकमेकांकडे पाहत असल्यासारखी दिसत. मधे साडेतीन किलोमीटर जंगल, एक नाला आणि एक खिंड. एका दुपारी मी पेन्सिलने ती टोके जोडली. चढ कुठेही वीसास एकापेक्षा जास्त येत नव्हता, याचा मला इतका आनंद झाला की तो कागद मी स्वतः वरिष्ठांकडे घेऊन गेलो. पाठ थोपटली गेली. मातीकाम, खडीकरण, डांबरीकरण असे टप्प्याटप्प्याने सगळे झाले. मग घाटाच्या तोंडाशी पंक्चरचे दुकान आले, ढाबा आला, आणि लांबचा वळसा वाचतो हे कळल्यावर रात्रीच्या गाड्या आल्या.

नाल्याजवळ रस्त्याखालून पाणी जायला एक मोरी होती. शिरपूरकडचा आमचा मुकादम तिच्यात वाकून म्हणाला होता, “साहेब, हाई मोरी पाणीनी नही, जनावरेसनी शे.” गाळात साळिंदराची, बिबट्याची, तरसाची पावले एकावर एक उमटली होती. मी पाहिले आणि विसरलो. मोरीच्या खालच्या तोंडाला दगडी फरशी हवी होती. ती अंदाजपत्रकात बसत नव्हती म्हणून मीच वगळली. तीन पावसाळ्यांत पाण्याने तिथे कंबरभर खड्डा पाडला, खालून येणाऱ्या जनावराला मोरीत चढता येईना आणि ते रस्त्यावरून जाऊ लागले. नूतनीकरणाच्या कामावर एका सकाळी साइडपट्टीवर तरसाची मादी पडलेली पाहिली. तिच्या पंजांना आदल्या दिवशीच्या डांबराचे काळे गोळे चिकटले होते.

मी रेघ मारली नसती तर दुसऱ्या कोणी मारली असती, असे माझे सोबती म्हणतात. म्हणोत. त्या दोन्ही पाड्यांना रस्ता माझ्यामुळे मिळाला, पावसाळ्यातही तिथून बाळंतिणी वेळेवर खाली आल्या, आणि त्या फाट्यांबद्दल मी आजही कोणाची माफी मागणार नाही. माफी मागायची असेल तर मधल्या साडेतीन किलोमीटरची. निवृत्तीनंतर जिथे जिथे अशी रेघ दिसली तिथे मी आडवा पडलो, त्याला काही लोक म्हाताऱ्याचे प्रायश्चित्त म्हणतात आणि काही विकासाचा द्वेष. मला वाटते तो निव्वळ हिशेब आहे.

आपला सातपुडा पानझडी, सागाचा. पण आरपार रस्ता काय करतो हे पाहायचे तर अमेझॉनच्या वर्षावनाकडे पाहावे, कारण तिथे ते आकाशातून दिसते. १९७० च्या दशकात ब्राझीलने अरण्यातून लांबच लांब महामार्ग काढले. त्यांना दोन्ही बाजूंनी आडवे फाटे फुटले आणि उपग्रहाच्या छायाचित्रांत माशाच्या काट्यासारखी आकृती उमटली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार ब्राझीलच्या अमेझॉनमधील सुमारे ९५ टक्के जंगलतोड रस्त्यांपासून साडेपाच किलोमीटर किंवा नदीपासून एक किलोमीटर अंतराच्या आत झालेली होती. तेव्हा फाटाही झाडे खातो, हे मी लपवत नाही. मात्र त्याचे पोट ठरलेले असते.

तुला लोक पेंच व्याघ्र प्रकल्पाचे उदाहरण देतील. नागपूर-जबलपूर महामार्गावर महाराष्ट्राच्या हद्दीत जनावरांसाठी नऊ ठिकाणी खालून वाट ठेवली आहे, ५० मीटरपासून ७५० मीटरपर्यंत रुंद, आणि तिथून वाघही जातात हे कॅमेऱ्यांत दिसले आहे. काम उत्तम आहे आणि एक अभियंता म्हणून मला त्याचा अभिमान वाटतो. पण असलेला महामार्ग चौपदरी करताना केलेला तो उपचार आहे. ‘खालून वाट ठेवू’ हे नवा रस्ता जंगलात घालण्याचे कारण होऊ शकत नाही. आणि तुझ्या घाटरस्त्याच्या अंदाजपत्रकात ७५० मीटरचा पूल कोण बसवणार आहे? मला तर एक फरशी बसवता आली नव्हती. कर्नाटकातल्या बंदीपूरच्या जंगलात २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहा वाहतूक बंद असते आणि त्यावरून कर्नाटक व केरळ यांच्यात अजून धुसफूस चालते. रस्ता एकदा आरपार झाला की रात्र परत मागायला न्यायालयात उभे राहावे लागते. मुक्कामी गाडीच्या गावात ती मागावीच लागत नाही.

आता तुझ्या अहवालाबद्दल, आणि इथे मी कठोर लिहिणार आहे. ‘प्रस्तावित क्षेत्रात दुर्मीळ प्रजाती आढळल्या नाहीत’ हे वाक्य तू दुसऱ्या अहवालातून उचलले आहेस, हे त्याच्या भाषेवरूनच कळते. आपल्याच शहाद्याजवळ नोव्हेंबर १९९७ मध्ये रानपिंगळा हे छोटे घुबड पुन्हा सापडले. १८८४ नंतर ११३ वर्षे त्याची खात्रीलायक नोंद नव्हती आणि तो नामशेष झाल्याचे मानले जात होते. शोध भरकटण्याचे एक कारण कागदच होता: माइनर्ट्सहागेन नावाच्या इंग्रज संग्राहकाने जुना, चोरलेला नमुना १९१४ साली गुजरातेत मांडवीला मिळाला अशी खोटी चिठ्ठी लावून ठेवली होती. एका चिठ्ठीने एवढे केले. तुझ्या वाक्याखाली तर शिक्का असेल. हा पिंगळा जुन्या झाडांच्या ढोलीत घरटे करतो आणि बराचसा दिवसाउजेडी दिसतो, म्हणून त्याच्यासाठी रात्र जागवायचीही गरज नाही. आमच्या झाडमोजणीत मात्र घेर लिहीत आणि ढोलीचे झाड जळाऊ म्हणून किरकोळीत टाकत. तू ढोली मोज. निदान आखणीच्या पट्ट्यात तरी मोज.

निवेदनावर सही करू नकोस, आणि आहे त्या आराखड्यालाही ‘ठीक’ म्हणू नकोस. ग्रामसभेत उभी राहा आणि पावरीत, लोकांच्याच बोलीत, विचार, रस्ता कुठे संपतो? लोकांना गावापर्यंत पक्का, बारमाही रस्ता हवा आहे, फरशी पूल आणि मोऱ्यांसह. तो ठरावात साखळी क्रमांक घालून लिहून घे. खिंडीपलीकडचा तुकडा प्रस्तावातून वेगळा काढायला सांग. तो पैसा पायथ्याच्या बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याला लावा म्हणावे. रावेर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा, सगळी बाजारपेठ त्यावरच आहे, आणि मालमोटारीला सातपुडा ओलांडायचाच असेल तर पळासनेरला मुंबई-आग्रा महामार्ग आहे. हे सगळे दगड रोवण्याच्या आधी. मोजणीचे दगड रोवले की माणसांना रस्ता झाल्यासारखाच वाटू लागतो, आणि मग संपण्याची जागा कोणी विचारत नाही.

तुझे वरिष्ठ म्हणतील की जोडरस्ता नसेल तर प्रस्तावाला वजन येत नाही. मलाही हेच सांगितले होते.

पुढच्या आठवड्यात ये. आराखड्याची प्रत आण. रंगीत नसली तरी चालेल, पण समोच्च रेषा स्पष्ट दिसल्या पाहिजेत. माझी जुनी अमोनिया प्रिंट काढून ठेवतो. तिच्यावरची पेन्सिल अजून पुसलेली नाही.

तुझा,
नाना