लांबच्या सायकलप्रवासासाठी नवी सायकल घ्यावी का?

प्रश्न: मी आठवड्यातून तीन-चार वेळा ४० किलोमीटर सायकल चालवतो. पुढच्या वर्षी सुमारे २,००० किलोमीटरचा प्रवास सामानासह एकट्याने करण्याचा विचार आहे. त्यासाठी नवी, हलकी सायकल घ्यावी का? सरावात एका दिवसात किती अंतरापर्यंत मजल मारावी?

उत्तर: आपल्या दोन्ही प्रश्नांचा रोख वेगाकडे आणि एका दिवसाच्या अंतराकडे आहे. अशा प्रवासात खरी कसोटी लागते ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी, आखडलेल्या पायांनी आणि दुखऱ्या बैठकीने पुन्हा सीटवर बसताना. म्हणून एकाच दिवशी १५० किलोमीटर मारून नंतर आठवडाभर विश्रांती घेण्यापेक्षा लागोपाठ तीन दिवस ६०-७० किलोमीटर, तेही पूर्ण सामान लादून, चालवण्याचा सराव अधिक उपयोगी पडतो. ‘असू दे, लागेल’ म्हणून घेतलेल्या किती वस्तू घरी ठेवता येतील, हेही त्या तीन दिवसांत आपोआप कळते.

हलकी शर्यतीची सायकल घेऊ नये, असेच मी सुचवेन. तिला बहुधा कॅरिअर बसवण्याची सोय नसते, रुंद टायरला जागा नसते आणि चाकांत स्पोक कमी असतात. आपली सध्याची सायकल मापाची असेल, तिला कॅरिअर आणि किमान ३२ मिलिमीटर रुंदीचे टायर बसत असतील, तर तीच चांगली. खर्च करायचाच असेल तर तो गिअर आणि मागच्या चाकावर करावा. पुढचे, म्हणजे पेडलकडचे, सर्वांत लहान दातेरी चक्र मागच्या सर्वांत मोठ्या चक्राइतक्या किंवा त्याहून कमी दात्यांचे असेल, तर सामानासह चढण चढताना गुडघ्यांवर ताण कमी येतो.

मागच्या चाकाविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण सामानाचा बहुतेक भार त्यावर येतो. उजवीकडे गिअरच्या चक्रांना जागा द्यावी लागत असल्याने त्या बाजूचे स्पोक डावीकडच्यांपेक्षा अधिक ताणलेले असतात, आणि तुटतात तेही बहुधा तेच. शिवाय त्यांची हबकडची, म्हणजे चाकाच्या मध्याकडची, टोके चक्रांच्या मागे दडलेली असल्याने, चक्रे उतरवण्याचे हत्यार जवळ नसेल तर नवा स्पोक सोबत असूनही तो घालता येत नाही. निघण्यापूर्वी एकाच बाजूचे स्पोक बोटाने एकेक छेडून पाहावेत. एखादा बद्द वाजला तर तो सैल आहे असे समजून कुशल कारागिराकडून चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढून घ्यावा. दोन्ही बाजूंच्या स्पोकची लांबी बहुधा वेगळी असते, तेव्हा जादा स्पोक घेताना दोन्ही मापांचे घ्यावेत.

चेनची परीक्षा साध्या पट्टीने होते. नव्या चेनमध्ये एका पिनेनंतरची चोविसावी पिन (पहिली न मोजता) बरोबर १२ इंचांवर येते. ती १/१६ इंच पुढे सरकली असेल तर चेन बदलावी. १/८ इंच सरकेपर्यंत थांबल्यास मागची चक्रेही बदलावी लागण्याची शक्यता असते. पंक्चरचे सामान, दोन ट्यूब आणि पंप यांविषयी आपल्याला वेगळे सांगायला नको.

प्रश्न: तासाभराच्या सरावानंतर माझी करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होते. हातमोजे जाड घ्यावेत का?

उत्तर: जाड हातमोज्यांनी थोडा फरक पडेल, पण मूळ कारण बहुधा बसण्याच्या पद्धतीत असते. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने जाणारी नस हँडलवर दाबली गेली की नेमकी हीच दोन बोटे बधिर होतात. सीटचे टोक खाली झुकलेले असेल तर शरीर पुढे घसरते आणि भार हातांवर येतो; म्हणून आधी सीट समतल करावी, मग हँडल थोडे वर घ्यावे आणि चालवताना हाताची पकड वरचेवर बदलावी. इतके करूनही बधिरपणा दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकला किंवा बोटांतला जोर कमी झाल्यासारखा वाटला, तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवावे.