भावाचे भास गोळ्यांनी थांबलेत, तरी तो दिवसभर काहीच करत नाही. स्किझोफ्रेनियात असं होतं की हा आळस आहे?

आळस नाही. मीही माझ्या धाकट्या भावाला कित्येक वर्षं आळशीच म्हणत आलो, तेही तोंडावर. म्हणून हे आधी सांगून टाकतो.

एकदा बाहेर पडताना मी त्याला म्हटलं, "मोटर बंद कर, दाराला कडी लाव आणि साडेअकराला गोळी घे." किल्ली विसरली म्हणून पाच मिनिटांत परत आलो, तर हा बटणापाशी तसाच उभा. मोटर बंद केली होती. पुढचं काय, ते डोक्यातून निसटलं होतं आणि फोन करून विचारायची लाज वाटत होती. मला मात्र दिसला तो नुसता उभा असलेला माणूस.

गोळ्या भास आणि संशयावर चालतात. लक्ष टिकवणं, आत्ताच ऐकलेलं धरून ठेवणं, चार पायऱ्यांचं काम क्रमाने लावणं, यात त्यांनी फारसा फरक पडत नाही. ही अडचण बऱ्याचदा आजार उघड होण्याआधीच सुरू झालेली असते (आठवून बघा, त्याचा अभ्यास आधीच घसरायला लागला होता का?). मायकेल ग्रीन या मानसशास्त्रज्ञाने १९९६ साली तोवरचे अभ्यास एकत्र तपासले. रोजचं जगणं कितपत जमेल, याचं नातं भास-भ्रमांपेक्षा ऐकलेलं लक्षात राहण्याशी जास्त दिसलं. म्हणून 'आता भास नाहीत ना, मग लाग की कामाला' हे आपलं गणित चुकतं.

समोरच्याच्या बोलण्यामागचं ओळखण्यातली अडचण तर घरच्यांना त्याहून उशिरा कळते. आई एकदा म्हणाली, "वा, फारच लवकर उठलात महाराज!" तो म्हणाला, "हो, साडेदहाला." आईला तो उद्धटपणा वाटला. तो बिचारा खरंच वेळ सांगत होता. टोमणा, आवाजाचा सूर, समोरच्याच्या मनात काय असेल याचा अंदाज, हे आपल्याला आपोआप कळतं. त्याला ते जुळवावं लागतं, आणि तोवर बोलणं पुढे गेलेलं असतं. त्याची पहिली नोकरी यातच गेली. काम त्याला येत होतं.

काही करावंसंच न वाटणं हेही याच आजाराचं लक्षण आहे, आणि जोडीला नैराश्य असू शकतं, तेही तपासून घ्या. डॉक्टरांना आणखी दोन गोष्टी विचारा. हातापायांचा कंप किंवा ताठरपणा कमी करायला ट्रायहेक्सिफेनिडिल चालू आहे का? त्याने स्मरणशक्ती मंदावू शकते. (स्वतःहून बंद मात्र करू नका.) दुसरं, कॉग्निटिव्ह रेमेडिएशनची सोय आहे का? त्यात लक्ष आणि स्मरणशक्तीचा सराव करून घेतात. नुसतं संगणकासमोर बसवून भागत नाही. सोबत खरंखुरं काम किंवा पुनर्वसन असेल तर रोजच्या जगण्यात जास्त फरक पडतो.

घरी मी आता एका वेळी एकच काम सांगतो. बाकीचं दाराच्या आतल्या बाजूला टांगलेल्या पुठ्ठ्यावर लिहिलंय: मोटर, कडी, गोळी. परवा त्याखाली त्याच्या अक्षरात चौथी ओळ दिसली, 'दादाची किल्ली'.