लिनक्सवाला लॅपटॉप यूएसबी केबलने दुसऱ्या मशीनला लावला, तर तो पेनड्राइव्ह म्हणून दिसेल का?

बहुतेक लॅपटॉपवर नाही दिसणार, पण त्यात लिनक्सचा दोष नाही. यूएसबीत एक बाजू होस्ट आणि दुसरी डिव्हाइस. विचारायचं होस्टनं, डिव्हाइसनं फक्त उत्तर द्यायचं. लॅपटॉपच्या पोर्टमागे सहसा फक्त होस्टचा कंट्रोलर असतो आणि ते काम सॉफ्टवेअरनं बदलत नाही. खात्री करायची तर /सिस/क्लास/यूडीसी हे फोल्डर उघडून बघा, डिव्हाइस होऊ शकणारे कंट्रोलर तिथं दिसतात. रिकामं असेल तर त्या लॅपटॉपचा नाद सोडा. आणि कृपा करून दोन्ही टोकांना चपटी पिन असलेली केबल आणून दोन कॉम्प्युटर जोडू नका. दोन्हीकडचे 5 व्होल्ट एकमेकांवर येतात, पोर्ट जळू शकतो.

मी हे रास्पबेरी पाय झीरो या छोट्या लिनक्स कॉम्प्युटरवर केलंय (पुढे नुसतं 'पाय' म्हणतो), त्याचा पोर्ट डिव्हाइसही होऊ शकतो. आमची शेड कुपवाड एमआयडीसीत आहे. तिथली सीएनसी, म्हणजे प्रोग्रामवर चालणारी कटिंगची मशीन, प्रोग्राम घेते ती फक्त पेनड्राइव्हवरून, त्यामुळे ड्रॉइंगमध्ये जरा बदल झाला की पोरगा पेनड्राइव्ह घेऊन ऑफिस ते शेड पळायचा. आता मशीनला पाय लावलाय आणि ऑफिसातून वायफायवर फाइल टाकतो.

जोडणी अवघड नाही. पायच्या कॉन्फिग फाइलमध्ये डीडब्ल्यूसी2 चा ओव्हरले, म्हणजे यूएसबी कंट्रोलरची सेटिंग, चालू करा, मग जी_मास_स्टोरेज या कर्नल मॉड्यूलला (पेनड्राइव्हचं सोंग घेणारा लिनक्सचा भाग) फॅट32 ची एक इमेज फाइल, म्हणजे अख्खी डिस्क मावलेली एक फाइल, द्या आणि रिमूव्हेबल 1 ठेवा. केबल 'यूएसबी' लिहिलेल्या पोर्टात घाला, शेजारच्या 'पॉवर'वाल्यात डेटा जात नाही. केबलही डेटाची हवी. नुसत्या चार्जिंगच्या केबलनं माझा अख्खा दिवस खाल्ला होता.

खरी गोची पुढे आहे. मशीनला ती डिस्क आपली एकटीचीच वाटते. फाइलींची यादी ती एकदा वाचते आणि लक्षात ठेवते. तेवढ्यात तुम्ही पायवर तीच इमेज माउंट करून (म्हणजे फोल्डरसारखी उघडून) नवी फाइल टाकली तर मशीनला जुनीच यादी दिसते, आणि दोन्हीकडून लिहिलं गेलं तर फाइल सिस्टीमच बिघडते. माझे दोन प्रोग्राम असे अर्धवट झाले. नशीब, ऑपरेटरनं आधी ड्राय रन, म्हणजे माल न कापता चाचणी, घेतला होता. म्हणून क्रम पाळा: आधी गॅजेटच्या (पायवरच्या या खोट्या पेनड्राइव्हच्या) 'फाइल' या सेटिंगमध्ये रिकामी ओळ लिहा, म्हणजे मशीनच्या लेखी पेनड्राइव्ह निघाला. मग इमेज माउंट करा, फाइल टाका, सिंक करून (सगळं डिस्कवर लिहून) अनमाउंट करा, आणि शेवटी इमेजचा पत्ता पुन्हा त्याच सेटिंगमध्ये लिहा. मशीन स्वतः काही लिहिणार नसेल तर 'आरओ' (फक्त वाचण्यापुरतं) 1 ठेवा, निदान तिकडून तरी इमेज बिघडत नाही.

कीबोर्ड, नेटवर्क कार्ड असं सगळं एकाच केबलवर हवं असेल तर जी_मास_स्टोरेजऐवजी लिनक्समधलेच लिबकंपोझिट आणि कॉन्फिगएफएस वापरा. पाय विकत घेण्याआधी हात बसवायचा असेल तर डमी_एचसीडी मॉड्यूल लोड करा. त्यानं खोटा कंट्रोलर तयार होतो आणि तुमचं गॅजेट तुमच्याच लॅपटॉपला जोडलेलं दिसतं. तुमच्या डिस्ट्रोच्या कर्नलमध्ये ते नसेल तर मात्र स्वतः कंपाइल करावं लागेल.